बॅटरी काढणं-बसवणं सोपं कसं होईल? : लॅम्प रूमपासून स्कूटरपर्यंत

(राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आधी एक खुलासा. बोलणारा एकच आहे, तरी आम्ही 'आम्ही' म्हणणार आहोत, कारण काम दोघांचं आहे. एक जण गॅरेज चालवतो, दुसरा पोरांना वायरमनचं काम शिकवतो. गेली काही वर्षं आमच्याकडे विजेवरच्या स्कूटरी यायला लागल्या, आणि तक्रारींतल्या बऱ्याचशा मोटरच्या नव्हत्याच. त्या बॅटरीच्या होत्या. त्यातही बॅटरी काढताना, बसवताना, वर नेताना, किंवा जुनी गेल्यावर नवी मिळवताना आलेल्या अडचणींच्या. आज तेवढ्याबद्दलच बोलायचं आहे.

तुमच्यापैकी किती जण अंडरग्राउंडमध्ये उतरलेले आहात? हात वर करा. बघा, राजूरमध्ये हे विचारायचा फायदा हा. पुण्या-मुंबईत हा प्रश्न विचारला तर एकही हात वर होणार नाही. राजूर कॉलरीत किंवा कुंभारखणीला ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना लॅम्प रूम सांगायची गरज नाही. पण हे ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो.

भुयारी खाणीत उतरायच्या आधी कामगार लॅम्प रूमच्या खिडकीशी जातो. तिथे रॅकवर टोपीचे दिवे ओळीनं चार्जिंगला लावलेले असतात. प्रत्येकाला नंबर. आपला दिवा घ्यायचा, पट्ट्याला बॅटरी अडकवायची, टोपीला दिवा लावायचा आणि खाली जायचं. पाळी संपली की दिवा परत रॅकवर. पूर्वीच्या दिव्यांत बॅटरी कमरेला असायची, लेड-ॲसिडची, चांगली दोन-अडीच किलोची. आता लिथियमचे हलके दिवे आले. पण पद्धत तीच राहिली. एका माणसाचं काम चालू असताना चार्जिंगसाठी थांबायचं नाही. चार्ज झालेली वस्तू उचलायची, संपलेली ठेवायची. ज्याला आज शहरांत 'बॅटरी स्वॅपिंग' म्हणून नवं म्हणतात, ते खाणीतल्या माणसानं आयुष्यभर केलेलं आहे.

आता लॅम्प रूम चालते का, हे नीट बघा. बऱ्याच दिव्यांत चार्जिंग दिव्याच्या डोक्यातून होतं. रॅकवरच्या चावीवर ते डोकं घालून फिरवलं की चार्जिंग सुरू. ते उलटं बसत नाही. अर्धवट बसलं तर चार्ज होत नाही. दिवा कुलूपबंद असतो, कामगाराला तो खाली उघडता येत नाही, आणि येऊ नयेच, कारण खाली मिथेन असू शकतो. वर येऊन दिला की लॅम्प रूममधला माणूस काच, वायर, पट्टा बघतो. आणि दिवा कामगाराच्या मालकीचा नसतो. म्हणजे जुनी बॅटरी गेली तर तो त्याच्या खिशाचा प्रश्न नाही. इतक्या गोष्टी जमल्या म्हणून ते सोपं आहे. पाळीच्या घाईत, झोपेत, अंधारात माणूस चुकणार हे धरूनच ते बनवलंय.

स्कूटरच्या बाबतीत नेमकं हेच कोणी धरलेलं दिसत नाही.

कोणाला याची गरज आहे?

सुरुवातीलाच आमचं मत सांगून टाकतो. ज्याच्या घरी अंगण आहे, अंगणात सावली आहे आणि भिंतीवर अर्थिंगवाला प्लग आहे, त्यानं 'बॅटरी निघते' म्हणून गाडी घेऊ नये. पक्क्या बसवलेल्या बॅटरीला सांधे कमी, पिना कमी, झिजणारं कमी. रात्री वायर लावा, सकाळी काढा. त्याहून सोपं काही नाही.

गरज आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये खाली गाडी लावायला जागा असते, प्लग नसतो. वणीत भाड्यानं राहणाऱ्याची तीच गत. घरमालक मीटरला हात लावू देत नाही. आमच्याकडे येणारा एक पाळीवाला गडी म्हणायचा, "गाडी चांगली हाय भाऊ, पण बॅटरी वर नेता नेता कंबर ढिली होते." त्यानं शेवटी तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली होती. पावसाळ्यात सुद्धा. आम्ही ती बघितली तेव्हा मधला जोड नुसत्या चिकटपट्टीवर होता.

तर त्याची कंबर का ढिली होते, तिथून सुरू करू.

दहा लिटरची कळशी

स्कूटर साधारण एका किलोमीटरला २५ ते ३५ वॉट-तास वीज खाते. घर ते खाण, खाण ते वणी, वणीहून परत, असे दिवसाचे ४० किलोमीटर धरा. वाटेत चढ आहे, मागे कोणी बसलंय, रस्ता कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला आहे. म्हणजे सव्वा ते दीड युनिट वीज बरोबर न्यायलाच हवी. आजच्या लिथियम बॅटरीच्या पेटीत, बाहेरचं आवरण आणि आतली सर्किटं धरून, एका किलोला साधारण दीडशे वॉट-तासांच्या आसपास वीज मावते. भागाकार केला की उत्तर येतं दहा किलोंच्या आसपास. होंडाची बदलायची पेटी दीड युनिटाच्या आसपासची आणि दहा किलोंच्या वरची, विडाची निघणारी पेटी दोन युनिटांच्या आसपासची आणि अकरा किलोंच्या जवळची. कंपन्या वेगळ्या, आकडा तोच, कारण तो रसायनशास्त्रानं ठरवलेला आहे.

दहा किलो म्हणजे दहा लिटर पाण्यानं भरलेली कळशी. आपल्याकडच्या बायकांनी उन्हाळ्यात ती रोज उचलली आहे, त्यामुळे 'एवढं काय त्यात' असं कोणी म्हणेल. पण कळशीचा आकार बघा. तिचा काठ हाताला धरता येतो, पोट कमरेवर टेकतं, वजन अंगाशी राहतं. स्कूटरची पेटी सीटखालच्या खड्ड्यात असते. दोन्ही हात लांब करून, वाकून, ती सरळ वर ओढायची. हात जितका लांब, तितका पाठीवर ताण. वजनात फरक नाही. कुठून उचलता यात आहे.

म्हणून आम्ही गाडी बघताना आधी तीन गोष्टी बघतो. पेटी वर ओढावी लागते की बाजूला सरकते? सरकून अर्धी बाहेर आली आणि मग उचलली तर काम निम्मं होतं. दुसरं, दांडी दोन हातांनी धरता येते का, आणि बोटांत रुतते का. बारीक प्लास्टिकची दांडी पहिल्या जिन्यातच हाताला वळ उठवते. तिसरं, पेटी खाली ठेवली तर स्वतःच्या पायांवर उभी राहते का. माणूस जिन्याच्या वळणावर ती ठेवणारच. ती आडवी पडली, कोपऱ्यावर आपटली, की आतल्या सेलला काय झालं ते बाहेरून दिसत नाही.

एका पेटीच्या दोन केल्या तर प्रत्येकी सहा किलो, हा उपाय लगेच सुचतो. चांगला आहे. पण त्यात एक खोच आहे, ती पुढे सांगतो. आधी कनेक्टर, कारण आमचे स्वतःचे हात तिथेच पोळलेत.

आमची चूक

एक जुनी स्कूटर आली होती. बनवणारी कंपनी फोन उचलत नव्हती, बॅटरी गेलेली. तिच्यासाठी एका जाणत्या कारागिराकडून नवी पेटी बनवून घेतली आणि ती रोज काढता यावी म्हणून आम्ही बाजारातला एक दोन पिनांचा कनेक्टर लावला. स्वस्त होता, जाड होता, प्रवाह सहज पेलत होता. फक्त एक गोष्ट आम्ही बघितली नाही: दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे खाचे इतके मऊ होते की जोर लावला तर तो उलटाही बसायचा. आम्ही कधी उलटा लावला नाही, कारण आम्हाला लाल-काळं माहीत होतं. पण गाडीवाल्याच्या पोरानं, पहाटे साडेपाचला, बाप पहिल्या पाळीला निघालेला, मोबाइलच्या उजेडात तो लावला. कंट्रोलर जळाला. पोराच्या बोटाला चटका बसला तेवढ्यावर निभावलं. कंट्रोलरचे पैसे आम्ही भरले, आणि ते बरोबरच होतं. चूक पोराची नव्हती. लॅम्प रूममधला दिवा उलटा बसत नाही.

तेव्हापासून कनेक्टरकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. चांगल्या कनेक्टरमध्ये काय असतं ते जरा सावकाश बघू.

एक म्हणजे ठिणगी. तुमच्यातल्या ज्यांनी हातानं बॅटरी जोडली असेल त्यांनी 'टक्' असा आवाज ऐकला असेल. मोटरच्या कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी जोडली की क्षणभर ते शॉर्टसर्किटसारखे वागतात, भसकन वीज ओढतात. ती ठिणगी पिनेवरचा मुलामा खाते. एकदा-दोनदा काही होत नाही. पण रोज एकदा धरलं तरी पाच वर्षांत अठराशे वेळा. मुलामा गेला की पिना ढिल्या, काळ्या, आणि सांध्याचा रोध वाढतो. रोध वाढला की काय होतं? चढावर ४० अँपिअर प्रवाह जातोय आणि सांध्याचा रोध ५ मिलिओहम आहे, तर तिथे ८ वॉट उष्णता तयार होते, चालून जातं. तोच रोध २० मिलिओहम झाला की ३२ वॉट. आमच्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे! म्हणजे सीटखाली, प्लास्टिकच्या पेटीला चिकटून, आपण एक चालू सोल्डरिंग आयर्न घेऊन फिरतोय. वितळलेले कनेक्टर आम्ही पाहिले त्यांतले बरेच असेच वितळलेले.

यावर उपाय जुना आहे आणि महाग नाही. आधी एका रोधकातून कपॅसिटर हळूच भरून घ्यायचे, मग मुख्य मार्ग उघडायचा. हे काम गाडीनं आपोआप करावं; माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये.

दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडते, कारण ती साधी आणि हुशार आहे. नीट बनवलेल्या कनेक्टरमध्ये दोन जाड पिना विजेच्या असतात आणि काही बारीक पिना निरोपाच्या. बारीक पिना मुद्दाम आखूड ठेवतात. बसवताना जाड पिना आधी भिडतात, बारीक शेवटी. बारीक भिडल्या की पेटीतल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर पहारा देणाऱ्या सर्किटला, कळतं की आता पेटी पूर्ण बसली. मगच ती वीज सोडते. काढताना उलटं. बारीक पिना आधी सुटतात, बीएमएस वीज बंद करते, आणि जाड पिना सुटतात तेव्हा त्यांत प्रवाहच नसतो. शिवाय सुटी पेटी हातात असताना तिच्या पिनांवर वीज नसते. जिन्यात कोणाच्या हातातल्या किल्ल्यांचा जुडगा पिनांना लागला तरी काही होत नाही.

तिसरं, कनेक्टर जरा हलता ठेवावा लागतो, दोन-तीन मिलिमीटर. दहा किलोची पेटी अंधारात खाली सोडणारा माणूस ती बरोबर रेषेत सोडणार नाही. म्हणून पेटीला दिशा देणारे खाचे आणि सोबत हलता कनेक्टर. पेटीच्या वजनानंच तो जागेवर जावा. हातानं वायर शोधायची, वाकून प्लग लावायचा, हे जिथे आहे तिथे काम 'सोपं' झालेलं नाही, असं समजा.

आणि चौथं आपल्या गावाचं. राजूरमध्ये हवेत दोन प्रकारची धूळ आहे: कोळशाची आणि चुनाभट्ट्यांची. कोळशाची धूळ ओली झाली की पिनांच्या मध्ये वीज झिरपायला वाट मिळते. चुना ओला झाला की ॲल्युमिनियम खातो. आता सांगा, कनेक्टर जर खड्ड्याच्या तळाला, तोंड वर करून असेल तर काय साचणार त्यात? म्हणून तो बाजूच्या भिंतीवर हवा, तळाला पाणी जायला भोक हवं, आणि पेटी काढल्यावर पिनांवर आपोआप झाकण पडायला हवं. गाडी घेताना शोरूममध्ये सीट उघडून हे बघा. विक्रेत्याला नवल वाटेल, वाटू द्या.

दोन टाक्या

आता ती खोच. दोन पेट्या समांतर जोडायच्या. तुमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक काठोकाठ भरलेली, एक तळाला, आणि मध्ये जाड पाइपचा कॉक. कॉक उघडला की पाणी धो-धो एकीकडून दुसरीकडे जाणार. पेट्यांचंही तेच. एक भरलेली, ५४ व्होल्टवर. दुसरी रिकामी, ४८ व्होल्टवर. फरक ६ व्होल्टचा. मधल्या तारा आणि सेल यांचा मिळून रोध समजा ०.०५ ओहम. प्रवाह १२० अँपिअर! ज्या पेटीचा बीएमएस ५० अँपिअरसाठी आहे तिच्यात हे घुसतंय. बीएमएस वेळेवर तुटली तर बरं.

म्हणून दोन पेट्यांच्या गाडीत मध्ये हुशारी लागते: एकतर एक पेटी संपल्यावर दुसरी जोडायची, नाहीतर दोन्हींचे व्होल्ट जवळ आल्याशिवाय एकत्र करायच्या नाहीत. कंपन्यांच्या गाड्यांत ते असतं. घरी कोणी 'वाय' आकाराची वायर करून दोन बॅटऱ्या जोडून देतो म्हणाला, तर देऊ नका.

मे महिना

लिथियम सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा बहुधा ४५ अंश लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच तिथे पोचतं. उन्हात उभ्या गाडीतली पेटी त्याच्या वर असते. बीएमएस चार्जिंग नाकारते आणि लोक म्हणतात चार्जर बिघडला. बिघडलेला नसतो, तो वाट बघत असतो. इथे निघणाऱ्या पेटीचा खरा फायदा आहे: ती सावलीत, फरशीवर तासभर ठेवायची, मग लावायची.

पण घरात नेली, म्हणजे घरात काय आलं तेही लक्षात ठेवायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवड्याभरात गेला. हे आम्ही भीती घालायला सांगत नाही. त्या वर्षी देशभर गाड्या पेटल्या, केंद्र सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि एआयएस-१५६ या मानकात बदल होऊन ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल तापला तर शेजारचे पेटत जाऊ नयेत, बीएमएस कशी असावी, चार्जर कसा असावा, हे त्यात आलं. त्याआधीची पेटी असेल, किंवा कोणीतरी बनवून दिलेली असेल, तर ती झोपण्याच्या खोलीत लावू नका. दाराशी लावू नका, कारण पेटलं तर त्याच दारातून बाहेर पडायचंय. गादी, कपडे, सोफा यांपासून लांब, फरशीवर, शक्यतो गॅलरीत, आणि जागे असताना. लिथियमची पेटी पाणी पडून, आपटून, फुगून आली असेल तर ती लावूच नका.

पेटी कोणाची?

आतापर्यंत रोजच्या काढण्या-बसवण्याबद्दल बोललो. पण बॅटरी बदलायचा दुसरा अर्थ म्हणजे चार-पाच वर्षांनी जुनी जाऊन नवी घेणं. आणि तिथे कंबर नाही, घर ढिलं होतं. गाडीच्या किमतीतला सर्वात मोठा एकच हिस्सा बॅटरीचा असतो. वर कर असा की बॅटरी गाडीत बसून आली तर ५ टक्के जीएसटी, सुटी घेतली तर १८.

ज्या स्कूटरची गोष्ट आम्ही सांगितली तिची चाकं, मोटर, ब्रेक सगळं धडधाकट होतं. तिच्या मापाची पेटी बाजारात नव्हती, बस. आणि नुसतं माप जुळून भागत नाही. नव्या गाड्यांत पेटी आणि गाडी आपसांत बोलतात, ओळख पटली नाही तर गाडी हलत नाही. सुरक्षेसाठी ते बरोबर आहे, हे आम्ही मान्य करतो. कोणी कसलीही पेटी कोंबू नये. पण कंपनी गेली की ती ओळख देणारंही कोणी राहत नाही.

घरातल्या गॅसच्या सिलिंडरकडे बघा. इंडेन, भारत, एचपी, कोणाचाही १४.२ किलोचा सिलिंडर घ्या; तोंड एकाच मापाचं, रेग्युलेटर बसतो. सिलिंडर तुमचा नाही, तुमची फक्त अनामत आहे. आणि त्याच्या मानेवर अक्षर-आकडा रंगवलेला असतो. 'बी-२७' म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जूनमध्ये त्याची तपासणी देय. गावातल्या न शिकलेल्या आजीलाही हे वाचायला शिकवता येतं. बॅटरीच्या पेटीवर असं काही वाचलंय कोणी? किती वेळा चार्ज झाली, किती ताकद उरली, हे आतल्या सर्किटला माहीत असतं. बाहेर सांगायची पद्धत नाही.

हे जमणारच नाही असंही नाही. अमेरिकेत हार्टफर्ड शहरात वीज कंपनीनं १९१० च्या सुमारास विजेवरचे ट्रक बॅटरीशिवाय विकायची योजना काढली; बॅटरी कंपनीची, ट्रकवाला महिन्याला आणि मैलाला पैसे भरायचा. १९२४ पर्यंत ती चालली. जपानमध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी या एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनी मार्च २०२१ मध्ये एकाच मापाच्या बदलत्या बॅटरीवर सहमती केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रानं बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली. २०२२ च्या अर्थसंकल्पात स्वॅपिंग धोरणाची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये नीती आयोगानं मसुदा काढला. एकाची पेटी दुसऱ्याच्या गाडीत चालावी असं त्यात होतं. तिथेच घोडं अडलं, कारण एकच माप म्हटलं की कंपन्यांना वाटतं आपली खास रचना गेली.

त्या मसुद्यातली आणखी एक ओळ आपल्यासाठी महत्त्वाची. पहिल्या टप्प्यात ४० लाखांवरची महानगरं, दुसऱ्यात राज्यांच्या राजधान्या आणि ५ लाखांवरची शहरं. वणी २०११ च्या जनगणनेत साठ हजारांच्या आत आहे. राजूर तर सोडाच. होंडानं २०२५ च्या सुरुवातीला पेटी बदलायची ॲक्टिव्हा आणली, ती बंगळूर, दिल्ली आणि मुंबईत. तिची पेटी घरी चार्ज करायची सोयच ठेवलेली नव्हती. केंद्रावर जाऊन बदलायची. ते त्या शहरांत ठीक. राजूरमध्ये ती गाडी म्हणजे शोभेची वस्तू.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की आपल्यासारख्या गावात स्वॅपिंगचं केंद्र येईल म्हणून थांबू नये, पण मागणी मात्र वेगळी करावी. केंद्र नको, आधी सारखं तोंड द्या. कनेक्टर आणि पेटीचं माप एक असेल तर केंद्र काढायला कोणी मोठा भांडवलदार लागत नाही. बचत गट दहा पेट्यांचा रॅक चालवू शकेल, लॅम्प रूमसारखा. माप एक नसेल तर महानगरातलं केंद्रही एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकाचं राहतं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : माझ्या गाडीत लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. त्या काढून लिथियम टाकू का?*

नुसत्या बॅटऱ्या बदलून भागत नाही, चार्जरही बदलावा लागतो. लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणं हे आगीला आमंत्रण आहे. आणि जुना चार्जर घरात ठेवूच नका, कोणीतरी घाईत तोच लावतं. आमचा सल्ला, कंपनीचा अधिकृत संच मिळत असेल तरच करा.

*प्रश्न : जुनी बॅटरी भंगारवाला चांगल्या भावानं मागतो. द्यावी का?*

नाही, ताई. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. भंगारात ती फोडली जाते, आणि फोडणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

*प्रश्न : आमच्या क्वार्टरमध्ये जिन्याखाली जागा आहे. सगळ्यांनी मिळून तिथे प्लग लावून घेतले तर पेट्या वर न्यायची कटकटच संपेल.*

कल्पना चांगली, जागा चुकीची. तीन मजल्यांना उतरायला तो एकच जिना आहे. त्याच्याखाली सहा पेट्या चार्ज होत असतील आणि एक पेटली तर वरचे लोक कुठून उतरणार? तेच प्लग इमारतीच्या बाहेर, भिंतीपासून थोडं सुटं, वर पत्रा टाकून करा. प्रत्येकाचं वेगळं मीटर, वेगळा एमसीबी, अर्थिंग नीट. अर्ज सगळ्यांच्या सहीनं एकत्र द्या. वायरिंगचा नकाशा आम्ही काढून देतो, गुरुवारी संध्याकाळी गॅरेजवर या.